दुपारचे ठोके

माझी थोरली मावशी लग्न होऊन तांबटाच्या घरात आली, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तिनं कानात कापूस घालून स्वयंपाक केला. घराचा पुढचा भाग म्हणजे कारखाना, त्याच्यामागे स्वयंपाकघर आणि वर झोपायची खोली. कारखाना हा शब्द त्या मानानं मोठाच. एक लांबोळकी खोली, कोपऱ्यात भट्टी, भिंतीला टांगलेले हातोडे, तांब्याच्या पत्र्यांची चळत, आणि मधोमध समोरासमोर दोन ऐरणी. एकीवर बसायचे मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका. दुसरीवर त्यांचे थोरले भाऊ. मावशी त्यांना भावजी म्हणायची. सकाळी चहा झाला की दोघं बसायचे ते उजेड जाईपर्यंत.

"आमच्या घरात भांडणंच झाली नाहीत," मावशी सांगायची. "दिवसभर एकमेकांचं ऐकूच येत नसे. भांडायचं तर संध्याकाळपर्यंत धीर धरायचा, आणि तोवर कशावरून भांडायचं होतं तेच डोक्यातून जायचं."

हळूहळू कापूस सुटला. मग तर असं झालं की माहेरी आली की तिला दुपारी झोप लागेना. आमच्या आजीकडे ती अंथरुणावर पडून पंख्याकडे बघत राहायची. "फार शांत आहे गं इथं," म्हणायची. ते कौतुकानं म्हणायची असं नाही.

भावजींनी लग्न केलं नाही. ते जेवायला मावशीच्याच हातचं, झोपायला कारखान्यातच. बोलणं कमी. मावशीची मुलगी लहान असताना तिला पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांची बाहुलीची भांडी करून द्यायचे, पण दिली असं म्हणायचे नाहीत. पायरीवर ठेवून जायचे. पुढे ते गेले. कसे गेले ते नंतर सांगते. त्यानंतर काका एकटेच काम करत राहिले, समोरची ऐरण रिकामी ठेवून. तोपर्यंत ठोकून ठोकून त्यांचे कान पार गेले होते. मावशीचं बोलणं ओठांवरून कळायचं. अंधार असला किंवा गोष्ट नाजूक असली की ती त्यांच्या तळहातावर बोटानं लिहायची.

गल्लीत समोर लाकडाची वखार होती. ती पाडली आणि तिथं इमारत उभी राहिली. मोठ्या काचा, जिन्यात कुंड्या, खाली नावांच्या पाट्या. राहायला आली ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी घर घेतलं ते शांत गल्ली म्हणून, आणि त्यांना घर दाखवलं होतं ते रविवारी. सोमवारी सकाळी त्यांना काका ऐकू आले.

अर्ज झाले, सभा झाल्या. नगरपालिकेनं नियम केला. राहत्या वस्तीत भोंगा, यंत्र, ठोकाठोक यांना ठरावीक वेळ. पुढच्या वर्षी वेळही काढून घेतली आणि ठोकाठोक साफ बंद झाली. गल्लीच्या तोंडाला पाटी लागली. पाटीवर एक कान होता, त्याच्यावर आडवी रेघ मारलेली. "कान कापायचा आहे की काय, असं वाटायचं ती बघून," मावशी म्हणायची.

नियम सांगायला जो माणूस आला त्याचं गल्लीनं लगेच नाव पाडलं, मीटरवाला. मध्यम वयाचा, घामेजलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत आवाज मोजायचं यंत्र. तो काकांसमोर उभा राहून समजुतीनं बोलला. काकांना काही कळलं नाही, कारण त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या. मग तो जरा मोठ्यानं बोलला, मग आणखी मोठ्यानं. शेवटी त्यानं काकांच्या कानाशी तोंड नेऊन, "फार आवाज होतो," असं ओरडून सांगितलं, तेव्हा समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या आणि लोक त्याच्याकडेच बघायला लागले. मावशीला हसू आवरेना. तोही ओशाळून हसला. मग मावशीनंच काकांच्या हातावर लिहून सांगितलं.

काका चिडतील, आदळआपट करतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली. संध्याकाळी हातोडे एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळले, भट्टीतली राख काढली, रस्त्याकडच्या फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि किल्ली मावशीच्या हातात ठेवली. त्यांचं वय झालं होतं, हातही थरथरायचे. कुणीतरी थांबायला सांगावं याची ते वाटच बघत असावेत, असं मावशीला वाटलं.

त्या दिवसापासून काका दुपारचं जेवण झालं की बंद फळ्यांना पाठ लावून पायरीवर बसू लागले. आणि मावशीला आपलं घर ऐकू येऊ लागलं. नळाची गळती, जिन्याच्या लाकडाची कुरकुर, भिंतीत कुठंतरी काहीतरी खरवडतंय ते. इतकी वर्षं हे सगळं चालूच असणार. तिला ते आवडलं नाही. ती म्हणायची, परक्याच्या घरात मुक्कामाला आल्यासारखं वाटायचं.

महिना उलटला असेल नसेल, मीटरवाला पुन्हा दारात.

"काकू, तक्रार आहे."

"आता कसली?"

"ठोकण्याची. दुपारी जेवणानंतर सुरू होतं म्हणतात."

मावशीनं त्याला कुलूप दाखवलं. कुलपावर धूळ होती, फळ्यांच्या खाचेत कोळ्यानं जाळं केलं होतं. त्यानं ते बघितलं, माफी मागितली आणि चहा पिऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत आला. मग परत. तिसऱ्या खेपेला मावशीनं चहा विचारला नाही.

मग समोरच्या इमारतीचे अध्यक्षच आले. हे निवृत्त मास्तर, सरळ माणूस, पण वर्गात उभं राहिल्यासारखे बोलायचे.

"काकू, नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही कुलूप बाहेरून लावता आणि मागच्या दारानं आत जाऊन काम करता, असं लोक म्हणतात."

"कोण करणार काम? हे बाहेर पायरीवर बसलेत. तुमच्या डोळ्यांसमोर बसलेत."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "ते पायरीवर बसलेले दिसतात आणि आत ठोकल्याचं ऐकू येतं. मी खोटं बोलत नाही. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंना विचारा. त्यांचं तान्हं बाळ आहे, त्या दिवसभर घरीच असतात."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या स्वयंपाकघरात बसून तिला तर नळ गळलेला ऐकू येतो, आणि पलीकडच्या लोकांना बंद कारखान्यात हातोडा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ती ओला हात पुसत तशीच समोरच्या जिन्यानं वर गेली.

दार उघडलं ती मुलगी अगदी कोवळी होती, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर बाळ. मावशीला बघून ती घाबरलीच.

"मी तक्रार नाही केली, काकू. खरंच नाही. मास्तरांनी विचारलं, मी हो म्हटलं एवढंच."

"काय हो म्हटलंस? काय ऐकतेस तू?"

तिनं खिडकीकडे बोट केलं. खिडकी बंद होती. तिनं ती हळूच उघडली.

ऊन मी म्हणत होतं. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोर मावशीचं स्वतःचं घर, लावलेल्या फळ्या, मोठं कुलूप, पायरीवर काका डोळे मिटून बसलेले. आणि त्यांच्या पाठीमागून, बंद फळ्यांच्या आतून, तांब्यावर हातोडा पडत होता.

मावशी मला हे सांगत होती तेव्हा तिनं सांगता सांगता स्वतःचे दंड चोळले. म्हणाली, "मी आयुष्य काढलं त्या आवाजात. मला कुणी फसवू शकणार नाही. आमच्याच ऐरणीचा आवाज होता तो."

तिला वाटलं, आत कुणीतरी शिरलंय. ती मुलीला म्हणाली, "मी जाऊन येते, तू खिडकीतच थांब." धावत खाली उतरली, गल्ली ओलांडली. गल्लीच्या मध्यापर्यंत ठोके ऐकू येत होते. तिनं आपल्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला आणि ते थांबले. स्वयंपाकघरातून कारखान्यात जायच्या दाराला अडसर होता, तो तिनं काढला. आत कुणी नव्हतं. दोन्ही ऐरणी उघड्या, भट्टी गार, हातोडे फडक्यात. तिनं परत बाहेर उंबऱ्यात येऊन खिडकीत उभ्या असलेल्या मुलीकडे बघून हात हलवला, थांबलं का, अशा अर्थी. मुलीनं मान हलवली. थांबलं नव्हतं. मुलीला अजून ऐकू येत होतं.

मावशी पुन्हा वर गेली. मुलीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोघी खिडकीशी बसल्या. आणि तेव्हा मावशीच्या लक्षात दोन गोष्टी आल्या.

एक म्हणजे, हा एकट्याचा ठोका नव्हता. एकटा माणूस काम करतो तेव्हा ठोके लागोपाठ पडतात. मोठं भांडं असलं की दोघं बसतात. एक मारतो, दुसरा त्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये मारतो, दोघांचं मिळून एक सलग चालतं. आता जे ऐकू येत होतं ते अर्धंच होतं. एक ठोका, मग जागा सोडलेली. पुन्हा ठोका, पुन्हा जागा. कुणीतरी दुसऱ्यासाठी जागा सोडून मारत होतं. आणि मारणारा हात तिच्या ओळखीचा होता. जड हातोडा, शेवटी थोडासा ओढलेला. भावजींचा.

दुसरी गोष्ट तिला खाली बघितल्यावर दिसली. पायरीवर काका बसले होते, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. आत ठोका पडला की नंतरच्या जागेत त्यांची उजवी मूठ गुडघ्यावरून उचलली जायची आणि परत टेकायची. दर वेळी, नेमकी त्या जागेत. ज्या माणसाला कानाशी ओरडलेलं ऐकू येत नव्हतं, त्याची मूठ.



आता भावजी कसे गेले ते सांगायला हवं. साबणाच्या कारखान्यासाठी एक प्रचंड कढई करायची होती. दोघं भाऊ समोरासमोर बसून ती मठारत होते, म्हणजे ठोके देऊन आकाराला आणत होते. काकांना तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. मावशी आत स्वयंपाकघरात होती. मध्येच ठोक्यांचा आवाज बदलला. सलग चाललेला होता तो तुटक झाला. ठोका, जागा, ठोका, जागा. मावशीनं ऐकलं. तिला वाटलं भावजी पाणी प्यायला उठले असतील. ती काही उठली नाही. तिच्या हाताला काम होतं. काका मान खाली घालून मारत राहिले, भाऊ जागा भरतोय अशा समजुतीत. बऱ्याच वेळानं त्यांनी वर बघितलं, तर भावजी भिंतीला टेकून बसलेले, हातोडा मांडीवर, आणि गेलेले. रोज काम थांबवताना भावजी रिकाम्या ऐरणीवर दोन हलके ठोके द्यायचे, झालं या अर्थी. ते दोन ठोके त्या दिवशी पडलेच नव्हते.

मावशीनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण तो तुटक आवाज तिच्या डोक्यातून गेला नव्हता. मी उठले असते तर, एवढंच ती मला म्हणाली.

त्या आठवड्यात मीटरवाला पुन्हा आला. या वेळी मावशीनंच त्याला हाताला धरून समोर नेलं आणि इमारतीच्या फाटकाशी उभं केलं. त्यानं यंत्र काढलं. यंत्राचा काटा उठत होता, पडत होता, उठत होता, पडत होता. मग तो गल्ली ओलांडून मावशीच्या घरात आला, कारखान्यात जाऊन उभा राहिला. काटा पडून राहिला. तो तीनचारदा गेला आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला.

"काकू, नियमात म्हटलंय, आवाज करणाऱ्याला नोटीस द्यावी. इथं आवाज आहे. करणारा कोण लिहू?"

"मला काय विचारता?"

"वर सांगितलं तर मलाच डॉक्टरकडे पाठवतील." त्यानं पिशवी बंद केली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना, कोण ते?"

मावशीनं चहाचं आधण ठेवलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो चहा पिऊन गेला.

संध्याकाळी तिनं काकांचा हात हातात घेतला. लिहिलं काहीच नाही. ऐकला होता तसा ठोका बोटानं त्यांच्या तळहातावर वाजवून दाखवला. ठोका, जागा, ठोका, जागा, शेवटी ओढलेला. काकांनी लगेच हात मागं घेतला नाही. बराच वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिले.

"दादा," ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज नेहमी मोठा असायचा. त्या वेळी अगदी बारीक निघाला. "किल्ली दे."

तिनं मान हलवली, नाही.

"अगं, तो थांबलाय माझ्यासाठी. किल्ली दे."

तिनं दिली नाही. त्यांनी आदळआपट केली नाही, मागे लागलेही नाहीत. पण त्यांचं जेवण कमी झालं. चेहरा उतरत चालला. सकाळी उठले की विचारायचे, दुपार झाली का. आणि पायरीवर बसल्यावर ती मूठ आता गुडघ्यापासून चांगली वर उठायची, हातोडा धरल्यासारखी. मावशीच्या मनानं घेतलं की हे एकदा आत जाऊन त्या ऐरणीवर बसले की उठायचे नाहीत. असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कळत होतं, बस.

कुणाला विचारावं तिला सुचेना. स्वतःच्या मुलीला कळवलं असतं तर ती येऊन दोघांना आपल्याकडे घेऊन गेली असती. मग भावजी इथं एकटेच ठोकत बसले असते, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला सहन होईना. भावजींना तिनं इतकी वर्षं जेवायला वाढलं होतं.

शेवटी एका दुपारी काका पायरीवर जाऊन बसल्यावर तिनं स्वयंपाकघराच्या बाजूनं अडसर काढला आणि आत गेली. दार मागं ओढून घेतलं. आत तांब्याचा आणि थंड राखेचा वास. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा जमिनीवर पडलेल्या. आवाज अजिबात नव्हता. तिनं फडकं सोडून काकांचा हातोडा काढला, चळतीतला एक पत्रा ओढला आणि काकांच्या जागेवर बसली. तिथं जमीन त्यांच्या बैठकीनं झिजून खोलगट झाली होती. तिला ती मोठी पडली. त्या घरात बायकांनी ऐरणीवर बसायची पद्धत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथं बसत होती.

आत तर काही ऐकू येत नव्हतं, मग मारायचं केव्हा? तिनं त्याचा विचार आधीच केला होता. बाजूला फळ्यांची जी फट होती तिच्यातून तिरकं बघितलं की पायरीवर बसलेल्या काकांचा उजवा गुडघा दिसत होता, आणि त्याच्यावरची मूठ.

मूठ उठली. मावशीनं मारलं.

पहिला ठोका वाकडा बसला, मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. मूठ पुन्हा उठली, तिनं पुन्हा मारलं. हात भरून येत होता, घाम डोळ्यांत जात होता, पण तिनं त्या मुठीवरची नजर काढली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग आधी तळपायांना जाणवलं. तिच्या दोन ठोक्यांच्या मध्ये जमीन हलकीशी थरथरत होती. त्यानंतर ते कानावरही यायला लागलं, अगदी लांबून, मग जवळून, मग समोरून. जड हातोडा, शेवटी ओढलेला. आता तिला मुठीकडे बघायची गरज राहिली नाही. एक तो, एक ती, सलग चाललं होतं, तिच्या तरुणपणी चालायचं तसं.

"तू वर बघितलंस?" मी तिला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मान वरच केली नाही मी. मला त्यांचे गुडघे दिसत होते. तेवढं पुरे झालं."

पायरी हादरत होती ते काकांना जाणवलं असणार. ते उठले, घराला वळसा घालून स्वयंपाकघरातून आले आणि दारात उभे राहिले. मावशीला त्यांची सावली पत्र्यावर पडलेली दिसली. तिला वाटलं आता ते हातोडा मागतील. त्यांनी मागितला नाही. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ते समोरच्या ऐरणीकडे बघत होते.

मग समोरचा ठोका थांबला. तिनं हात वरच्या वर धरला. थोडा वेळ काही नाही. आणि मग रिकाम्या ऐरणीवर दोन हलके ठोके पडले.

ती बसल्या जागी रडली. काका दारातच चौकटीला धरून उभे होते.

बाहेर गल्ली जमली होती. दोन हातोड्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता आणि मास्तरांनी फोन केला होता. मीटरवाला आला तो धापा टाकतच. मावशीनं आतून किल्ली देऊन त्यालाच रस्त्याकडच्या फळ्या काढायला लावल्या. ऊन आत आलं. तो उंबऱ्यात उभा राहिला, तिच्या हातातला हातोडा बघितला, पोचे पडलेला पत्रा बघितला.

"आज कुणी ठोकलं?"

"मी," मावशी म्हणाली.

त्याला एवढं हायसं वाटलं की तो जवळजवळ हसला. "तुम्ही. बरं. तुम्ही," असं पुटपुटत त्यानं नोटीस लिहायला घेतली. लिहिताना तो खाली वाकून पत्रा न्याहाळत होता. मावशीचे ढोबळ, वेडेवाकडे पोचे, आणि त्यांच्या अधेमध्ये बारीक, एकसारखे, नीट मठारलेले ठसे. त्यानं मावशीकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं नोटीस पुरी केली आणि सही करायला पेन पुढे केलं.

मास्तर दारात आले होते. "दोन हातोडे ऐकू येत होते," ते म्हणाले. "दुसरा कोण?"

"मास्तर, नोटीस एकाच नावाची निघते," मीटरवाला म्हणाला. "घरी चला आता."

त्या दुपारनंतर ठोके कुणालाही ऐकू आले नाहीत. मावशी आणखी काही दिवस समोर त्या मुलीकडे जाऊन खिडकीशी बसून खात्री करून यायची. पुढं पुढं नुसतीच गप्पांना जायला लागली. बाळाला घेऊन बसायची, मुलीला तेवढी झोप मिळायची. काका पुन्हा नीट जेवायला लागले. त्यांची मूठ गुडघ्यावर स्वस्थ राहायची.

त्यांनी दारात उभं राहून काय बघितलं ते मावशीनं विचारलं नाही. तेही बोलले नाहीत. पुष्कळ दिवसांनी, दोघं जेवत असताना, ताटातून मान वर न करता ते म्हणाले, "दादा फार म्हातारा झालाय गं."

भावजी गेले तेव्हा त्यांचे केससुद्धा पिकले नव्हते. मावशीचा घास हातातच राहिला. काकांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि जेवत राहिले.

काका त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि झोपेत गेले. कारखान्याची जागा मावशीनं एका चष्मेवाल्याला दिली. तो माणूस मुळातच हळू बोलणारा. नियमाला साजेसा भाडेकरू. ऐरणी जमिनीत इतक्या पक्क्या गाडल्या होत्या की त्या काढता आल्या नाहीत. तो त्यांच्यावर फळी टाकून आरसा ठेवतो.

मावशी आता मुलीकडे राहते, शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत. तिथले नियम आणखी कडक. खुर्ची ओढायची नाही, दुपारी मिक्सर लावायचा नाही, घरात चपला घालायच्या नाहीत. सगळी गोष्ट सांगून झाल्यावर ती थोडा वेळ नखांतली माती काढत बसली. कुंड्या भरत होती. मी भीतभीत म्हटलं, "मावशी, हे सगळं खरं ना?"

ती रागावली नाही. म्हणाली, "नोटीस मला आली होती, तुला नाही." मग उठून तिनं माझ्यासाठी डबा भरला, पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. जिन्यापर्यंत पोचवायला आली.

"दार हळू ओढून घे," ती म्हणाली. "खालचा लगेच वर येतो."